धास्तीचे आत्मकथन : ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’

दलित आत्मकथनांची चर्चा आपल्या समीक्षेत बहुधा वेदना, विद्रोह आणि नकार या संज्ञांच्या आधारे झाली. या संज्ञांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या प्रकाशात एक भाववृत्ती काहीशी दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे धास्ती. भयाला समोर कारण असते. धास्तीला ते असावेच लागते असे नाही. आघात होऊन गेलेला असतो, परिस्थितीही काही अंशी पालटलेली असते, तरी मन पुढच्या आघाताची वाट पाहत राहते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) ही आत्मकथने या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगी आहेत.

पूर्वीचा आघात आणि टिकून राहणारी चिंता यांच्या संबंधाचा मानसशास्त्रीय विचार मोठ्या प्रमाणावर युद्धाच्या संदर्भात वाढला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांना पुनःपुन्हा पडणाऱ्या स्वप्नांची मीमांसा फ्रॉइडने १९२० मध्ये केली. ‘आघातोत्तर ताणविकार’ ही संज्ञा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आली ती १९८० साली. या मांडणीच्या केंद्रस्थानी एखादी भीषण घटना होती. ज्यातून सुटका नाही अशा दीर्घ, वारंवार होणाऱ्या आघाताचा वेगळा विचार ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडला. ‘बलुतं’ या दोहोंच्या आधीचे आहे, आणि त्यातील अनुभव या दुसऱ्या प्रकाराशी अधिक जुळणारा आहे. तेथे अपमान ही घटना नसून दिनक्रम आहे. बलुते म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. धान्याबरोबर हीनतेचाही वाटा पदरात पडतो, हे या शीर्षकातून सूचित होते.

धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांच्यामध्ये निवेदकाचे बालपण विभागलेले आहे. पुढे शिक्षण झाले, नोकरी लागली, ‘कोंडवाडा’ (१९७४) या संग्रहामुळे कवी म्हणून प्रतिष्ठाही लाभली. पण ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच व्यक्तीची ही दोन नावे केवळ निवेदनाची क्लृप्ती मानल्यास कृतीचा गाभा हातून निसटतो. दया पवार बाहेर पडला आहे, दगडू तेथेच राहिला आहे. चारचौघांत दगडू ओळखला जाईल याची दया पवारला धास्ती आहे. आणि आपल्याला विसरले जाईल याची दगडूला. सुशिक्षित दलित वाचकांपैकी काहींनी हे सारे उघड्यावर मांडण्यास आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपाच्या मुळाशीही हीच धास्ती असावी.

मात्र पीडिताची धास्ती नेहमी निरुपद्रवी राहत नाही, हे ‘बलुतं’चे सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. निवेदकाच्या मनातील असुरक्षितता पहिल्या पत्नीविषयीच्या संशयाचे रूप घेते आणि त्याची परिणती तिच्या त्यागात होते. पवार हा भाग लपवत नाहीत, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची कसोटी. तरीही त्या स्त्रीची बाजू आपल्याला तिच्या तोंडून कळत नाही. ज्याने आघात सोसला तोच येथे दुसऱ्याच्या आघाताचे कारण होतो.

‘जिणं आमुचं’ येथे महत्त्वाचे ठरते. वीरगावच्या महारवाड्याचे हे चित्रण ‘मी’पेक्षा ‘आम्ही’च्या मुखातून येते. सासुरवाशिणींचा छळ कांबळे निर्भीडपणे सांगतात. स्वतःच्या संसाराविषयी मात्र मौन पाळतात. पुस्तकाच्या माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासोबत (२००८) प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्या मौनाचा उलगडा होतो. पतीच्या संशयापायी त्यांना मारहाण सोसावी लागली होती आणि कित्येक वर्षे हे लेखन घरच्यांपासून लपवून ठेवावे लागले होते. एका आत्मकथनात संशय घेणाऱ्याची कबुली आहे, दुसऱ्यात संशय सोसणारीचे मौन. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्याखेरीज धास्तीचा पूर्ण प्रवास दिसत नाही. गावाने दिलेली धास्ती घरात शिरते आणि तेथे ती स्त्रीच्या वाट्याला येते.

या कृतींकडे मनोविकाराची टिपणे म्हणून पाहणे अर्थातच अन्यायाचे होईल. ‘आघातोत्तर’ या शब्दात आघात संपल्याचे गृहीत आहे. जातिव्यवस्थेच्या बाबतीत ते गृहीतक टिकत नाही. नाव विचारले जाताच सावध होणारे मन आजारी म्हणावे, की अनुभवाने शहाणे झालेले, हा प्रश्न समीक्षकाने मानसशास्त्राकडे सोपवून मोकळे होऊ नये. पवार आणि कांबळे यांनी धास्तीवर विजय मिळवल्याचा दावा केलेला नाही. धास्ती मनात असतानाच त्यांनी लिहिले, आणि त्या लेखनात तिच्या खुणा पुसल्या नाहीत. मराठी आत्मपर गद्याला त्यांनी दिलेले हे योगदान विद्रोहाइतकेच मोलाचे आहे.