‘सार्वजनिक धोरण’ : एक संज्ञा, दोन अर्थ

‘सार्वजनिक धोरण’ ही संज्ञा राज्यशास्त्राच्या व विधिशास्त्राच्या अभ्यासकांस सारखीच परिचित आहे. अर्थ मात्र एक नाही. पहिल्यास ती शासनाच्या कृतीची निदर्शक वाटते, दुसऱ्यास करारस्वातंत्र्यावरील मर्यादेची. हे दोन अर्थ नकळत एकमेकांत मिसळले की युक्तिवाद घसरतो.

राज्यशास्त्रीय अर्थ तुलनेने अर्वाचीन होय. लासवेल व लर्नर यांनी १९५१ मध्ये ‘धोरणविज्ञाना’ची कल्पना पुढे मांडली. पुढे १९७२ मध्ये थॉमस डाय याने शासन जे जे करावयाचे अथवा न करावयाचे ठरविते ते सर्व सार्वजनिक धोरण, अशी व्याख्या केली. शासनाची निष्क्रियता हाही एक निर्णयच असतो, हे या व्याख्येने नेमके दाखविले; हा तिचा गुण. परंतु तिच्या व्याप्तीत हेतू, घोषणा व कायदा यांतील भेदच लोपतो. महाराष्ट्रातील रोजगार हमीचे उदाहरण घ्यावे. १९७२ च्या दुष्काळात या योजनेचा विस्तार झाला. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. डायच्या व्याख्येनुसार योजना व कायदा ही दोन्ही ‘धोरणे’च. मजुराच्या दृष्टीने मात्र पहिली शासनाची इच्छा, तर दुसरा त्याचा हक्क. संविधानाच्या कलम ४१ मधील कामाचा हक्क हे निदेशक तत्त्व असून, कलम ३७ अन्वये तो न्यायालयामार्फत बजावता येत नाही. म्हणूनच या भेदाचे महत्त्व अधिक.

विधिशास्त्रीय अर्थ याहून जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम २३ सार्वजनिक धोरणास विरोधी असा उद्देश अवैध ठरविते. परंतु संज्ञेची व्याख्या करीत नाही. घेरुलाल पारख खटल्यात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने, पैजेचा करार निरर्थक असला तरी त्यासाठी केलेली भागीदारी या कलमाखाली अवैध नव्हे, असा निर्णय दिला आणि या तत्त्वाची नवी क्षेत्रे सहसा निर्माण करू नयेत, असे बजावले. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र १८६५ च्या कायद्याने पैजेस आनुषंगिक करारही निरर्थक ठरविले होते. म्हणजे विधिमंडळाने एका प्रांतापुरते जे ठरविले, ते न्यायालयाने ‘सार्वजनिक धोरणा’च्या नावाखाली सर्वत्र लागू केले नाही.

हा संयम सदैव टिकला असे नाही. लवाद-निवाड्यांच्या संदर्भात १९९३ च्या रेणुसागर निर्णयाने परकीय निवाड्यांपुरता हा अर्थ संकुचित ठेवला, २००३ च्या सॉ पाइप्स निर्णयाने देशांतर्गत निवाड्यांबाबत ‘उघड अवैधते’चाही त्यात समावेश केला, २०१५ मध्ये संसदेस दुरुस्ती करून त्यास पुन्हा बांध घालावा लागला.

याचे कारण केवळ शब्दाचे शैथिल्य नव्हे. पण शब्दाने त्यास हातभार लावला, असे म्हणावे लागेल. तत्कालीन शासनाचा निर्णय म्हणजेच विधीची मूलभूत नीती, असे मानले तर प्रत्येक परिपत्रकागणिक नागरिकांचे करार संशयास्पद ठरतील. उलट न्यायालयाची नीती हेच शासनाचे धोरण मानल्यास, धोरणाची राजकीय जबाबदारी कोणावरच राहणार नाही.

हिंदी विधिपरिभाषेत दुसऱ्या अर्थी ‘लोकनीति’ हा शब्द रूढ आहे. मराठीनेही तो स्वीकारावा व ‘सार्वजनिक धोरण’ शासनाच्या निर्णयांपुरते राखावे. ‘नीती’त राजकारणाचाही अर्थ आहे, हा आक्षेप खरा, तथापि एका शब्दाने दोन प्रश्न झाकले जाण्यापेक्षा ही अडचण सुसह्य होय.