टोपीवरचा पक्षी

पंडिता रमाबाईंच्या पुस्तकाचे नाव आपण एकदा सावकाश वाचून पाहावे: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. १८८९ साली निघालेल्या या ग्रंथाच्या नावात लोकस्थिती आधी येते आणि प्रवास मागून. पाहुणीने वाटेतल्या हालअपेष्टा सांगत न बसता आल्याआल्या थेट माजघरात शिरून घर कसे चालते ते न्याहाळावे, तसे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ, व्यापार असा सारा पसारा तिथे आहे, आणि खरे सांगायचे तर त्यातली काही पाने आज भरभर उलटली तरी चालतील.

पण टोपीपाशी मात्र थांबावेच लागते. अमेरिकन स्त्रिया शोभेसाठी टोपीवर मेलेले पक्षी खोवतात, हे रमाबाईंना पाहवत नाही. कंबर करकचून आवळणारा कॉर्सेटही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. आणि गोड विसंगती अशी, की याच स्त्रियांची महाविद्यालये, फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखाली मद्यपानाविरुद्ध देशभर उभी राहिलेली त्यांची संघटना, यांचे वर्णन करताना बाईंची लेखणी आनंदाने ओसंडते. ज्यांच्यावर जीव जडला त्यांनाच खडसावण्याचा हा अधिकार त्यांनी कुठून आणला? तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या, रूढी बाईच्या देहावर आपली सत्ता कशी गाजवते हे मायदेशी जवळून पाहिलेल्या या विदुषीला परक्या मुलखातली रूढी रेशमी असली तरी ओळखू येते. मग आपल्यालाही त्या टोपीतला पक्षी निव्वळ फॅशनचा नमुना वाटेनासा होतो.

त्या अमेरिकेला गेल्या त्या तिथे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. तो समारंभ फिलाडेल्फियात ११ मार्च १८८६ रोजी झाला, आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ला, मुंबईत रमाबाईंनी शारदासदन ही शाळा उघडली. (हा योग जमवून आणलेला असो वा नसो, मला तो फार आवडतो.) त्या शाळेसाठी अमेरिकेतल्या लोकांनी मदत दिली होती, तरीही गोऱ्यांनी काळ्यांशी आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी चालवलेला दुजाभाव बाईंनी झाकून ठेवला नाही. उपकाराच्या ओझ्याखाली नजर खाली न घालणारे हे गद्य वाचताना आपल्यालाही ताठ बसावेसे वाटते. इंग्रजांचे राज्य झुगारून तिथल्या लोकांनी आपला कारभार आपण कसा हाती घेतला, हे त्यांनी मराठीत, मराठी वाचकांसाठी मांडले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून त्या जाऊन बसल्या.