स्थलांतराची पोस्ट

ब्लॉग स्वतःच्या सर्व्हरवर हलवला की माणूस पहिली पोस्ट लिहितो ती ब्लॉग हलवल्याची. अशा पोस्टी मी गेली सात-आठ वर्षं आवडीने वाचतोय, एक स्वतः लिहिलीही आहे. आता माझं मत असं झालंय की हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. आधी जुन्या प्लॅटफॉर्मचे आभार. मग तक्रारी: जाहिराती, थीमचा कंटाळा, रोज बदलणारी धोरणं. मग कोणता सर्व्हर घेतला, महिन्याला किती पैसे पडतात, कोणतं सॉफ्टवेअर टाकलं. शेवटी वचन: आता नियमित लिहीन. पुढची पोस्ट दीड वर्षाने येते आणि तिचा विषय असतो ‘वर्डप्रेसवरून ह्यूगोवर कसा आलो’.

यात चेष्टा करण्यासारखं बरंच आहे, पण तो माझा मुद्दा नाही. माझा आक्षेप या पोस्टींमध्ये हमखास येणाऱ्या एका वाक्याला आहे: ‘भाड्याचं घर सोडून स्वतःच्या घरात आलो.’ अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट आणि टेम्पो यांत वाढलेल्या आपल्या पिढीला हे रूपक लगेच भिडतं. म्हणूनच ते जरा तपासून घ्यायला हवं.

भीती खरी आहे, हे आधी मान्य करू. अमेरिकन कादंबरीकार डेनिस कूपर यांचा ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर होता. दशकाहून जास्त काळाचं काम त्यात होतं, नुसत्या जिफ चित्रांनी रचलेली एक कादंबरीही होती. २०१६च्या जूनअखेर तो ब्लॉग एका दिवसात नाहीसा झाला, सोबत जीमेलचं खातंही. सेवाशर्तींचा भंग, एवढंच कारण सुरुवातीला मिळालं. वकील झाले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पेन अमेरिका ही लेखकांची संस्था बोलली, आणि ऑगस्टमध्ये गूगलने मजकूर परत करायचं कबूल केलं. कूपर यांनी पुढे स्वतःच्या डोमेनवर ब्लॉग नव्याने उभा केला. स्थलांतराच्या पोस्टी हे उदाहरण आनंदाने देतात. मला त्यात वेगळंच दिसतं. कूपर यांना मजकूर परत मिळाला, कारण ते कूपर होते. कराडला बसून लिहिणाऱ्या माणसासाठी कोणतीही लेखकसंस्था पत्रक काढणार नाही.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. २०१२पासून भारतातल्या वाचकाला ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवरून आपोआप ब्लॉगस्पॉट डॉट इनवर वळवलं जाई. त्या काळात आपण ज्या लिंका कॉपी केल्या, मेलमध्ये चिकटवल्या, दुसऱ्याच्या लेखात दिल्या, त्यांतल्या पुष्कळशा डॉट इनच्या होत्या. २०२०मध्ये ते डोमेन गूगलच्या हातून निसटलं. मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, आणि ते भलत्याच कुणाकडे गेलं. ब्लॉग जागच्या जागी होते, डॉट कॉम लिहिलं की उघडत होते. मेल्या त्या फक्त लिंका. म्हणजे घर शाबूत, पण तिथे येणारी वाट बंद. घराचं रूपक इथे पहिल्यांदा अडखळतं.

आणि ज्याला आपण स्वतःचं घर म्हणतो ते तरी काय असतं? डोमेन वर्षाच्या बोलीवर. सर्व्हर महिन्याच्या बोलीवर. दोन्हीचे पैसे ज्या कार्डातून जातात, त्या कार्डाला स्वतःची मुदत. एका मालकाऐवजी तीन मालक झाले, एवढाच फरक. सातबाऱ्यावर तुमचं नाव कुठेच लागत नाही. भाडं थकलं की ब्लॉगस्पॉटपेक्षा कितीतरी लवकर सामान रस्त्यावर येतं.

मग स्वतःच्या डोमेनवर जाण्यात हाती काही लागतं का? लागतं: पत्ता. घर कुठेही हललं तरी पत्ता तोच ठेवता येतो. स्थलांतराच्या पोस्टीत याबद्दल जेमतेम एक ओळ असते, आणि मराठीत लिहिणाऱ्यासाठी खरी गोम तिथेच आहे. ब्लॉगस्पॉटवर शीर्षक देवनागरीत दिलं तर ते पत्त्यात उमटत नाही. तिथे नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा येतो, तोही रोमन लिपीत. वर्डप्रेस देवनागरी शीर्षक पत्त्यात घेतं, पण साठवताना प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं करतं: टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, असं तीनदा. त्या रकान्याची मर्यादा २०० अक्षरांची. म्हणजे आपल्या वाट्याला आली बावीस चिन्हं, त्यात काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची. लांब मराठी शीर्षक मधूनच तुटतं. ही सगळी यंत्रणा ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर आपली लिपी नव्हती, हे पत्त्याच्या पट्टीत रोज वाचायला मिळतं.

मी हलवताना जुने निरर्थक पत्ते तसेच ठेवले. आधी काही महिने ब्लॉग ब्लॉगस्पॉटवरच राहू दिला आणि त्याला माझं डोमेन जोडलं. जुन्या पत्त्यावर येणारा वाचक नव्या पत्त्यावर पोचतोय याची खात्री झाल्यावर मगच डोमेन माझ्या सर्व्हरकडे वळवलं. यात एक गंमत आहे. जुन्या लिंका अजून चालतात, कारण ब्लॉगस्पॉटवरचा रिकामा ब्लॉग मी पुसलेला नाही. माझ्या ‘स्वतःच्या’ घराची वाट दाखवायला जुन्या मालकाचाच वॉचमन बसलेला आहे.

या रूपकाला सगळ्यात मोठा तडा मार्क पिल्ग्रिम या अमेरिकन प्रोग्रामरच्या गोष्टीने जातो. २००४मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरने परवान्याच्या अटी बदलल्या. पिल्ग्रिमने हिशोब केला, नव्या अटींप्रमाणे त्याला ५३५ डॉलर पडणार होते. ते पैसे त्याने वर्डप्रेस बनवणाऱ्यांना देऊन टाकले आणि आपला ब्लॉग तिकडे हलवला. सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर त्याने तेव्हा लिहिलेला लेख आजही या साहित्यप्रकाराचा मूळपुरुष मानावा असा आहे. डोमेन त्याचं, निर्णय त्याचा, कोणाची मेहेरबानी नाही. आणि २०११च्या ऑक्टोबरमध्ये याच माणसाने आपल्या सगळ्या साइट एकाच वेळी काढून टाकल्या. उघडायला गेलं की एचटीटीपीचा ४१० हा संकेत येई. ४०४ म्हणजे सापडत नाही. ४१० म्हणजे होतं, मुद्दाम काढलंय, पुन्हा येऊ नका.

तो त्याचा हक्क होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर काय उरलं ते बघा. पायथॉन आणि एचटीएमएल५ शिकवणारी त्याची पुस्तकं लोकांनी काही दिवसांत दुसरीकडे उभी केली, कारण कोणीही नक्कल करावी अशा परवान्याखाली त्याने ती आधीच दिली होती. स्वतःच्या मालकीच्या घरातलं गेलं. लोकांच्या हाती सोपवलेलं राहिलं.

खरं तर आपल्याला हे नवीन वाटायला नको. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून वर आल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण अभंग आपल्यापर्यंत पोचले ते टिपून घेणाऱ्यांमुळे, संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्यांमुळे आणि त्यांच्या नकलांच्या नकलांमुळे. लिखाणासाठी आपल्याकडचं जुनं रूपक घराचं नाही, वहीचं आहे. वही उतरवून घेता येते.

हे सगळं माझ्यासाठी नुसतं वादाला घेतलेलं नाही. माझी आत्या कोल्हापूरकडे शाळेत मराठी शिकवायची. निवृत्तीनंतर ती ब्लॉगस्पॉटवर लिहू लागली: नदीचं पाणी अंगणात यायचं त्या दिवसांबद्दल, आजीच्या ओव्यांबद्दल, वर्गातल्या मुलांबद्दल. ६४ पोस्टी आहेत. आत्या जाऊन चार वर्षं झाली. घरात कॉम्प्युटरवाला मी, त्यामुळे सगळ्यांचं म्हणणं, ‘तुझ्या सर्व्हरवर घेऊन टाक ना.’ अर्ध्या तासाचं काम आहे. मी केलं नाही.

कारण साधं आहे. माझ्या सर्व्हरवर आत्या माझ्या कार्डाइतकी टिकेल. माझी नोकरी, माझा उत्साह, माझं आयुष्य, यांतलं काहीही थांबलं की तीही थांबेल. ब्लॉगस्पॉटवर कोणी दमडी न देता ती चार वर्षं उघडते आहे. तिथेही निर्धास्त राहता येत नाहीच. दोन वर्षं न वापरलेली खाती मिटवण्याचं धोरण गूगलने २०२३मध्ये जाहीर केलं. म्हणून आतेभाऊ दर गणपतीला आणि होळीला तिच्या खात्यात जाऊन येतो.

बाकी आम्ही वह्या केल्या. गूगलकडून सगळ्या पोस्टींची फाइल उतरवली, ती तीन घरांत ठेवली. साध्या पानांची एक प्रत केली, जी कोणत्याही सर्व्हरशिवाय फोनवर उघडते. इंटरनेट आर्काइव्हवर एकेक पान जपायला दिलं. आणि झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून तीन प्रती काढल्या, त्यांतली एक तिच्या शाळेच्या वाचनालयात आहे.

एक गोष्ट राहिली आहे. ब्लॉगवर एक ओळ टाकावी, ‘लेखिकेचं नाव ठेवून कोणीही नक्कल करावी’, असं मी सुचवलं. आतेबहीण म्हणाली, ‘आणि आईचं लिखाण कोणी स्वतःच्या नावावर व्हॉट्सॲपवर फिरवलं म्हणजे?’ मी म्हणालो, तसं फिरवणारा परवाना वाचून थांबणार नाही, आणि प्रामाणिक माणूस मात्र परवानगी नाही म्हणून हात आवरता घेईल. तिला ते पुरतं पटलेलं नाही. तिची भीतीही खोटी नाही. मराठीत नाव पुसून पुढे ढकललेलं लिखाण आपण रोज पाहतो.

यापुढे कोणाची स्थलांतराची पोस्ट वाचली की मी सर्व्हरची यादी ओलांडून दोनच गोष्टी शोधेन: तुमच्यामागे याचे पैसे कोण भरणार, आणि मी याची प्रत ठेवली तर चालेल का. माझ्या ब्लॉगच्या तळाशी या दोन्हींची उत्तरं आता लिहिलेली आहेत. आत्याच्या ब्लॉगवर ती ओळ अजून नाही. निर्णय तिच्या मुलांचा आहे, आणि आतेबहिणीने गणपतीपर्यंत वेळ मागितलाय.