मुखवट्याखालचा चेहरा

आवडता ॲनिमेशनपट रंगमंचावर आणताना पहिला मोह हुबेहूबपणाचा. १९९४ च्या ‘द लायन किंग’चे संगीत नाटक १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आले, तेव्हा दिग्दर्शिका जूली टेमॉर यांनी तो आवरला. मुफासाचा मुखवटा नटाच्या डोक्यावर, खाली चेहरा उघडाच.

कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना सुंदरपेरुमाळ कोयिल लागते, मग पापनासम. याच टापूतल्या मेलट्टूरला नृसिंहजयंतीच्या भागवतमेळ्यात ‘प्रह्लादचरित्र’ होते. संहिता तेलुगू, वाढ तंजावरच्या भोसल्यांच्या काळातली. तिथला नृसिंहाचा मुखवटा पूजेतला. तो चढला की भाविकांना नट दिसत नाही, देव दिसतो.

टेमॉर यांना हा आधार नव्हता. त्यांच्या प्रेक्षकाजवळ श्रद्धा नव्हे, आठवण होती. आणि आठवण नकलेतली प्रत्येक चूक पकडते. म्हणून त्यांनी माणूस लपवलाच नाही. सिंह पुरा करण्याचे काम प्रेक्षकावर सोपवले. नाटक तिथे जिंकते. जिथे ते चित्रपटातले विनोद जसेच्या तसे म्हणून दाखवते, तिथे मात्र पडद्याचे उसनवार वाटते.

आपल्या बालनाट्यांनी केसाळ पोशाख शिवायला टाकण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे: मुलांना सिंह हवा असतो, पण तो होणारा माणूसही पाहायचा असतो.