देवळातले हरिण, मैदानावरचे हरिण

फुटबॉल हा धसमुसळा खेळ. जपानात मात्र सामन्यापूर्वी मैदानाभोवती मऊमऊ अंगाचे अस्वल नाही तर हरिण डुलत फिरते, आणि पोक्त माणसेही त्याच्याबरोबर छायाचित्र काढायला रांग लावतात. जपान्यांना गोंडस वस्तूंचे वेडच, असे म्हणून आपण हसून मोकळे होतो. पण हा निकाल उथळ आहे.

१९९३ साली तेथे व्यावसायिक 'जे-लीग' सुरू झाली. तोवर मोठे संघ कारखान्यांचे होते. लीगने आग्रह धरला, की संघाने गावाचे नाव लावावे. नाव बदलणे सोपे; जिव्हाळा कोठून आणायचा? ते काम या शुभंकरांनी केले.

काशिमाचे हरिण तेथल्या प्राचीन देवस्थानच्या पवित्र हरणांच्या कुळातले. सेंदाईचा गरुड आकाशातून उतरला आहे. त्या शहराचा तानाबाता उत्सव दोन ताऱ्यांच्या वार्षिक भेटीचा. ते तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण, आणि श्रवण गरुड तारकासमूहातला. नागोयाच्या किल्ल्यावर वाघाच्या तोंडाचे सोनेरी मासे आहेत. त्यांना 'शाची' म्हणतात, आणि जपानीत ओर्का देवमाशाचेही नाव तेच. म्हणून तेथला 'ग्रांपस-कुन' हा ओर्का. त्याला बायकामुलेही आहेत!

सगळेच इतके जमलेले नाहीत. हिरोशिमाच्या संघाचे नाव मोरी मोतोनारीच्या तीन बाणांवरून आले: एक बाण मोडतो, तिन्ही एकत्र मोडत नाहीत. त्या कथेत अस्वल कोठेच नाही. तरी शुभंकर अस्वलच. ते गोड आहे, पण कथा नावातच राहिली. शिवाय २०१३ पासून काही वर्षे या प्राण्यांची चक्क निवडणूक होई. गंमत म्हणून ठीक. पण मते मोजली की चेहऱ्याचा भाव वाढतो आणि कथा मागे पडते. बाहुल्यांच्या दुकानदाराला तेच हवे असते.

खरी परीक्षा पराभवात होते. २०१६ च्या हंगामात नागोयाचा संघ प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला. कित्येक खेळाडू दुसरीकडे गेले. ग्रांपस-कुन कोठे जाणार? तो गावाचाच. पुढच्या हंगामाअखेर संघ वर चढला, तेव्हा गावाबरोबर तोही तेथेच होता. ज्या पोक्त माणसांना आपण हसलो, ती रांग लावतात ती या सोबतीसाठी.