नलिनी मालानी यांची मांडणी-कला : भावना आणि सामाजिक भान

१९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या नलिनी मालानी यांनी १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ ही दृक्‌श्राव्य मांडणी साकारली. समोरासमोरच्या भिंतींवरील चलत्प्रतिमांत दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहतात. मधल्या पत्र्याच्या ट्रंकांत विस्थापितांची दृश्ये उमटत राहतात. घडी मात्र जमत नाही. मंटोंच्या कथेतील बिशनसिंग दोन देशांच्या सीमांमधील ज्या जागेत कोसळतो, तीच जागा येथे प्रेक्षकाच्या वाट्याला येते. त्यामुळे या कलाकृतीतील भावना केवळ करुणेपाशी थांबत नाही. ती प्रेक्षकाला उत्तरदायी ठरविते. मंटो न वाचलेल्या प्रेक्षकाला हे स्थान उमगेलच असे नाही, ही तिची मर्यादा होय. तथापि घडी न होणारी साडी भाष्याविना विभाजनाचा अर्थ पोचविते, हे तिचे सामर्थ्य मान्य करावे लागते.