चुंबकीय क्षेत्र आणि कुक्कुट-प्रजनन : एक चिकित्सा

कुक्कुटांवरील चुंबकीय परिणामांची चर्चा १९८२ साली माद्रिद येथील होसे देल्गादो व सहकाऱ्यांच्या शोधनिबंधामुळे गाजली. दुर्बल स्पंदित क्षेत्रात भ्रूणाची वाढ बिघडते, असे प्रतिपादन त्यात होते. त्याची पडताळणी ‘हेनहाउस’ प्रकल्पात ६ प्रयोगशाळांनी केली. निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. उपकरणे समान, क्षेत्र १ मायक्रोटेस्ला, वारंवारता १०० हर्ट्झ व कालावधी ४८ तास होता. ५ प्रयोगशाळांत प्रायोगिक गटात विकृती अधिक आढळल्या. परंतु स्वतंत्रपणे लक्षणीय फरक दोनच ठिकाणी होता. एकत्रित आकडेवारीत मात्र तो लक्षणीय ठरला.

येथेच खरी अडचण आहे. परिणाम प्रयोगशाळेगणिक बदलत असेल, तर एकत्रित सरासरी त्या भिन्नतेचे कारण सांगत नाही. शिवाय उबवणीचा काळ २१ दिवसांचा असतो. ४८ तासांच्या भ्रूणनिरीक्षणावरून उबवणक्षमता, वजनवाढ किंवा अंडी-उत्पादन यांविषयी अनुमान काढणे असमर्थनीय होय.

प्रयोगरचनेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वेटोळ्यातील प्रवाह उष्णताही निर्माण करतो आणि उबवणी तापमानास अतिसंवेदनशील असते. म्हणून नियंत्रण गटास तितकीच उष्णता देणारे, परंतु क्षेत्र निर्माण न करणारे दुहेरी वेटोळे हवे. एका उबवणी यंत्रातील १०० अंडी म्हणजे १०० पुनरावृत्ती नव्हेत. पुनरावृत्ती यंत्रांची मोजावी लागते. तपासणाऱ्यास गट ज्ञात नसावा.

या कसोट्या पूर्ण होईपर्यंत चुंबकीय उपचारांची शिफारस करणे म्हणजे संशोधनातील अनिश्चिततेचा भुर्दंड कुक्कुटपालकावर लादणे ठरेल.